दुकानातला वन-शॉट: कोकणातल्या गावात आरपीजीचं टेबल लावताना

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होतो आणि पुढे काय घडतं ते बोलून आणि फासे टाकून ठरतं. मित्रांच्या घरी खेळताना गोष्ट अर्धी राहिली तर पुढच्या रविवारी पुढे नेता येते. दुकानात लावलेल्या टेबलाला पुढचा रविवार नसतो, तिथे वन-शॉट लागतो, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी गोष्ट. समोरच्या चौघांपैकी दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असतात, एकाला शेवटच्या एसटीची काळजी असते आणि दुकानदाराला संध्याकाळचं गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आत जागा मोकळी हवी असते. म्हणून सगळी तयारी एकाच हिशोबाने करायची: तीन तासांत गोष्ट सुरू होऊन संपली पाहिजे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक तरी ठसठशीत प्रसंग आला पाहिजे.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांचे आहेत. पात्रं पहिल्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलची, एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) आणि चार खेळाडू. दुसरी सिस्टिम चालवणार असाल तर आकडे बदलतील, वेळेचं गणित तेच राहील.

दुकान आणि दिवस

कोकणातल्या बहुतेक गावांत नुसत्या बोर्डगेमचं दुकान नसतं. असतं ते पुस्तकं-स्टेशनरीचं, खेळण्यांचं, नाहीतर झेरॉक्स-लॅमिनेशनचं, मागे एखादी खोली किंवा वर माळा असलेलं. तेवढं पुरतं. जागा बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा. पाच जणांना साधारण चार फूट बाय तीन फुटांचं टेबल लागतं. त्याहून लहान असेल तर नकाशा मांडल्यावर पात्रांचे कागद मांडीवर घ्यावे लागतात. डीएमची खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे मागून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे कागद दिसत नाहीत. पंखा नेमका टेबलावर आहे का ते बघा. असेल तर कागद उडतात, पण तो बंद ठेवून चालणार नाही, उकाड्यात तासाभरातच माणसं कंटाळतात. टेबल दोन फूट बाजूला सरकवता येतं का ते बघा. छप्पर पत्र्याचं असेल तर जुलै-ऑगस्टचा विचारच सोडा. सर आली की शेजारी बसलेल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, आणि हा खेळ सगळा बोलण्यावर चालतो.

वेळ निवडताना दुकानाची सवय विचारा. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात किंवा शटर अर्ध्यावर असतं. ही वेळ आपल्यासाठी सोन्यासारखी: गिऱ्हाइकांची ये-जा नाही, गोंगाट नाही, दुकानदाराचं नुकसान नाही. त्याच्या दुपारच्या झोपेवर मात्र आपण गदा आणतोय हे लक्षात ठेवा. त्याच्या घरचं किंवा ओळखीचं कोणी थांबणार असेल तरच ही वेळ ठरवा. गावचा आठवडी बाजार ज्या वारी असतो तो वार टाळा.

महिन्यांचं बोलायचं तर दिवाळीच्या सुट्टीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. मेमध्ये मुंबई-पुण्याची मुलं गावी आलेली असतात, खेळाडू सहज मिळतात. पण रत्नागिरी-देवगडच्या बागायतदार घरांतली माणसं तेव्हा आंब्याच्या पेट्यांत अडकलेली असतात. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस पूर्ण वगळा. फ्री आरपीजी डे हा जगभरच्या दुकानांतला उपक्रम २००७ पासून होतोय आणि तो साधारण जूनमध्ये येतो. त्याच्याशी तारीख जुळवायचा मोह होईल, पण जूनमध्ये स्टेशनरीच्या दुकानात वह्या-पुस्तकांची झुंबड असते आणि पाऊस नुकताच लागलेला असतो. आपली तारीख आपल्या गावाच्या सोयीने ठरवा.

दुकानदाराशी बोलताना एक गोष्ट पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाका, कारण फासे म्हटलं की जुगार हाच अर्थ पहिला डोक्यात येतो. "काका, फासे आहेत पण पैसा कुठेच लावायचा नाही. चार जण बसून एक गोष्ट खेळतात, पुढे काय झालं ते फासे ठरवतात." पालकांनाही हेच सांगावं लागतं. वर्गणी घ्यायची असेल तर झेरॉक्स आणि चहापुरतीच घ्या, आणि फासे टाकून बक्षीस देण्याचा प्रकार अजिबात ठेवू नका. एकदा तसा समज पसरला की दुकानदार पुन्हा जागा देणार नाही, आणि त्याचं काही चुकलंही नसेल.

कोणते नियम, कोणत्या कागदावर

पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, ज्याला एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ म्हणतात, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. २०२५ मध्ये ५.२ आला, तो २०२४ च्या सुधारित नियमांवर आधारलेला आहे. परवान्यामुळे आपल्याला हे नियम छापता येतात, मराठीत आणता येतात, वाटता येतात. अट एवढीच की मूळ दस्तऐवजाचा आणि परवान्याचा उल्लेख कागदावर हवा, आणि आपण भाषांतर किंवा बदल केला असेल तर तेही लिहायला हवं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी पुरतात. खेळाच्या नावाचा लोगो मात्र या परवान्यात येत नाही. पोस्टरवर तो डकवू नका, "फाइव्ह-ई कंपॅटिबल" (पाचव्या आवृत्तीशी जुळणारं) एवढं लिहिलं तरी जाणकाराला कळतं.

दोन्ही आवृत्त्या एका टेबलावर मिसळू नका. जादूमंत्रांची नावं तीच असतात पण तपशील बदललेले असतात. एखाद्या खेळाडूने फोनवर शोधून दुसऱ्याच आवृत्तीचा मजकूर वाचून दाखवला की दहा मिनिटं वादात जातात. कुठली आवृत्ती ते प्रत्येक पात्राच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहा.

पीडीएफवर विसंबू नका. पावसात लाईट आणि रेंज दोन्ही एकदमच जातात. खेळायला जे जे लागतं ते सगळं कागदावर हवं. प्रिंट इंकजेटवर काढू नका, दमट हात लागला की शाई पसरते. एक प्रत काढून तिच्या झेरॉक्स काढा, टोनर पाण्याने पुसला जात नाही.

पात्रं आधीच बनवून न्या

नवख्या माणसाला पात्र बनवायला बसवलं की तास गेला म्हणून समजा. चार खेळाडूंसाठी सहा पात्रं तयार न्या, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यालाही तीनांतून निवड मिळते. फायटर (लढवय्या), क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुरोहित), रोग (चोरपावलांनी वावरणारा), विझार्ड (जादूगार), बार्बेरियन (रांगडा योद्धा) आणि रेंजर (रानवाटांचा माहीतगार) हा संच चालतो. कुणीच क्लेरिक उचलला नाही तर प्रत्येकाच्या सामानात एक हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, लिहून टाका (दोन डी-फोर अधिक २ हिट पॉइंट). डी-फोर म्हणजे चार बाजूंचा फासा, डी-एट, डी-टेन, डी-ट्वेंटी तसेच. हिट पॉइंट म्हणजे पात्राची उरलेली जीवनशक्ती.

एक फायटर नीट मांडून बघू, बाकीची पात्रं याच पद्धतीने होतात. पात्राच्या सहा गुणांना वाटायचे ठरलेल्या संचातले आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. पात्राचा वंश माणूस निवडला की प्रत्येकात एक वाढतो. ताकद १६, चपळाई १४, दम १५, बुद्धी ९, समज १३, छाप ११. आकड्यातून दहा वजा करून निम्मे करा आणि खालचा पूर्णांक धरा, तो मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाच्या फाशात मिळवायचा आकडा: ताकदीचा +३, चपळाईचा +२, दमाचा +२, बुद्धीचा -१, समजेचा +१, छापेचा शून्य. हिट पॉइंट १० अधिक दमाचे २, म्हणजे १२. चेन मेलचा (कड्यांच्या चिलखताचा) आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा, १६, ढालीचे २, एकूण १८. तलवारीच्या वाराला ताकदीचे ३ आणि प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ मिळून +५. ड्युएलिंग स्टाइल (एका हातातल्या हत्याराने लढायची पद्धत) घेतली तर नुकसान एक डी-एट अधिक ५. सेकंड विंड (दम घेऊन सावरणं) एकदाच, एक डी-टेन अधिक १ हिट पॉइंट परत. चेन मेलमुळे लपायच्या फाशाला डिसअॅडव्हान्टेज (दोन डी-ट्वेंटी टाकून लहान आकडा धरायचा), हे विसरलं जातं, म्हणून ठळक लिहा.

हे सगळं कागदावर आलं पाहिजे, पण खेळाडूला गणित दिसता कामा नये. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तयार आकडे आणि हिट पॉइंटसाठी पेन्सिलने खोडता येईल असा रिकामा चौकोन. मागच्या बाजूला "तुझ्या पाळीत काय करता येतं" या मथळ्याखाली चार-पाच ओळी: सहा घरं चाल, तलवारीचा वार, सेकंड विंड, कुणाला आडोसा देणं, पळणं. विझार्डच्या बाबतीत हे फारच गरजेचं. त्याला तीन कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे छोटे मंत्र) आणि दोन स्लॉट (मोठा मंत्र टाकायच्या संधी) असतात, पण वहीत सहा मंत्र असतात आणि नवखा माणूस त्या सहांतच हरवतो. मॅजिक मिसाइल, स्लीप आणि मेज आर्मर एवढेच पूर्ण लिहा.

प्रत्येक पात्राला गोष्टीशी बांधणारी एक ओळ द्या. "तुझा धाकटा भाऊ त्या गलबतावर आहे." "दीपस्तंभाचा राखण्या तुझा गुरू." वाटेत दिशा हरवली तर ही ओळच खेळाडूला परत मार्गावर आणते. तीन परिच्छेदांची पार्श्वभूमी लिहून नेली तर ती कोणी वाचत नाही.

गोष्ट: घड्याळाला बांधलेली

वन-शॉटची सगळी अडचण वेळेत असते, म्हणून गोष्टीतच घड्याळ असू द्या. आपल्याकडे ते आयतं मिळतं: भरती. उदाहरणाला हा आराखडा घ्या. बंदरावरचा दीपस्तंभ विझलाय. भरती पूर्ण झाली की गलबत खाडीत शिरणार आणि दिवा नसेल तर खडकावर आपटणार. दरोडेखोरांनी दिवा विझवलाय तो त्याचसाठी, फुटलेल्या गलबताचा माल लुटायला. पात्रांनी त्याआधी दिवा पेटवायचा.

एका कागदावर आठ घरं आखा, वर "भरती" लिहा आणि तो सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा. खऱ्या घड्याळात दर पंचवीस मिनिटांनी एक घर भरा, चहाची वेळ सोडून. त्याखेरीज वाटेतला एखादा महत्त्वाचा फासा चुकला की एक घर भरा. वेळेमुळे पाच घरं जातात, उरलेली तीन चुकांसाठी. आठवं घर भरलं तरी खेळ संपत नाही. गलबत आपटतं आणि पात्रं पाण्यात पडलेल्यांना वाचवायला धावतात. दोन्ही शेवट लिहून ठेवा, दोन्ही खेळायला चांगले आहेत.

एक वाजता सुरुवात धरली तर दुपार साधारण अशी जाते. पहिली वीस मिनिटं ओळख आणि पात्रांची निवड. एक वीसला बंदर: जुना तांडेल (नावाड्यांचा प्रमुख) हकिगत सांगतो, प्रश्न विचारायला मुभा. एक चाळीसला वाट निवडायची. ओहोटी असेपर्यंत खाडीच्या कडेने खडकांवरून, किंवा सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळ पठारावरून, अंधारात. दोन दहाला दीपस्तंभाच्या पायथ्याशी पहिली चकमक. दोन चाळीसला दहा मिनिटं चहा. मग स्तंभाच्या आतला जिना आणि कोंडून ठेवलेला राखण्या. तीन पाचला वरची शेवटची चकमक. पावणेचारला आवरायला लागायचं. उशीर झाला तर जिन्याचा प्रसंग गाळा. तो गाळला तरी गोष्ट तुटत नाही असाच लिहा. असा एक तरी गाळता येणारा प्रसंग प्रत्येक वन-शॉटमध्ये हवा, आणि तो मध्यावर हवा. शेवटचा प्रसंग गाळावा लागला तर सगळ्यांची दुपार फुकट जाते.

सड्यावरची वाट निवडली तर रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांचा इथे सुरेख उपयोग होतो. जांभ्यावर कोरलेला, अंधारात पायाखाली येणारा मोठा मासा किंवा माणसाची आकृती, आणि तिच्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते ओळखायचा फासा. बारसू, कशेळी, उक्षी इथली शिल्पं ज्यांनी बघितली आहेत ते खेळाडू या ठिकाणी एकदम पुढे सरसावतात. माहितीतला प्रदेश असला की वर्णनाला चार वाक्यं कमी लागतात.

याच्याच जोडीला एक पथ्य. राखणदार, देवचार, वेताळ, गावचं ग्रामदैवत यांना राक्षस करून तलवारीपुढे उभं करू नका. टेबलावरच्या एखाद्याच्या घरी आजही त्यांना नारळ दिला जातो. खऱ्या देवळाचं नाव घेऊन तिथे मारामारीही ठेवू नका. किनारा, खाडी, सडा, किल्ला, दीपस्तंभ एवढ्यावर कितीतरी गोष्टी होतात.

फाशांचे आकडे, म्हणजे डी-ट्वेंटीवर किती गाठायचं ते, ठरवताना हात सैल ठेवा. नियमांत सोपं १०, मध्यम १५, अवघड २० असं आहे. ज्याला काहीच बोनस नाही त्याला १५ गाठायची संधी फक्त ३० टक्के असते, १२ ला ती ४५ टक्के होते. पहिल्यांदाच फासा हातात घेतलेल्या माणसाचे सलग तीन फासे फसले की तो मागे टेकून बसतो. म्हणून १२ हा नेहमीचा आकडा ठेवा आणि १५ एखाददुसऱ्या वेळीच. पुढची वाट एकाच फाशावर कधी अडकवू नका. कातळावरची खूण ओळखायचा फासा फसला तर खूण सापडतेच, पण शोधण्यात वेळ जातो आणि भरतीचं एक घर भरतं.

चकमक किती मोठी

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पहिल्या लेव्हलची पात्रं फार नाजूक असतात. चार गॉब्लिन (खेळातले बुटके राक्षस) म्हणजे किरकोळ वाटतात, पण हिशोब करून बघा. गॉब्लिनचे ५० एक्सपी (शत्रूला हरवल्याचे गुण, चकमक किती जड ते यांवरून मोजतात), चौघांचे २००. तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार खेळाडूंसाठी सोपं १००, मध्यम २००, अवघड ३०० आणि प्राणघातक ४००. म्हणजे ती चकमक सरळ प्राणघातक ठरते. गॉब्लिनचा वार +४. आर्मर क्लास १८ च्या फायटरला तो ३५ टक्के वेळा लागतो, १२ च्या विझार्डला ६५ टक्के. विझार्डचे हिट पॉइंट ८, गॉब्लिनचं नुकसान सरासरी साडेपाच. दोन वारांत विझार्ड आडवा आणि खेळाडू पुढचा अर्धा तास नुसता बघत बसलेला.

आपल्या गोष्टीत पायथ्याशी तीन बँडिट (साधे दरोडेखोर) ठेवा (आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ११, प्रत्येकी २५ एक्सपी). ७५ चे दुप्पट १५०, म्हणजे सोपी चकमक, आणि सुरुवातीला तशीच हवी. वरती म्होरक्यासाठी थगचे (दणकट गुंडाचे) आकडे घ्या (आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ३२, १०० एक्सपी) आणि सोबत दोन बँडिट. १५० चे दुप्पट ३००, अवघड. थगला पॅक टॅक्टिक्स असतं, जवळ साथीदार असला की त्याला अॅडव्हान्टेज (दोन डी-ट्वेंटींतला मोठा आकडा) मिळतो, आणि तो एका पाळीत दोनदा मारतो. नवख्यांसमोर पॅक टॅक्टिक्स काढून टाका आणि त्याला आधी फायटरवरच पाठवा.

खेळाडूंची संख्या ऐनवेळी बदलते, म्हणून फरक आधीच कागदाच्या कडेला लिहा. तिघंच आले तर वरचा एक बँडिट कमी करा: १२५ ची, शत्रू दोनच म्हणून, दीडपट साधारण १८७, तिघांसाठी मध्यमच्या वर आणि अवघडच्या खाली. पाच झाले तर एक वाढवा: १७५ चे दुप्पट ३५०, पाच जणांच्या ३७५ या अवघड रेषेच्या जरा आत.

नवख्या टेबलावर मारामारीची एक फेरी दहा मिनिटं सहज खाते. म्हणून तीन तासांत दोन चकमकी, तिसरी नाही. निकाल लागलाय हे दिसलं की रेंगाळू नका. तीनपैकी दोन बँडिट पडले की तिसरा हत्यार टाकून शरण येतो, आणि त्याच्या तोंडून वरच्या म्होरक्याची माहिती मिळते. विझार्डने स्लीप वापरला तर पाच डी-एटची सरासरी साडेबावीस, म्हणजे अकरा हिट पॉइंटवाले दोन बँडिट एकदम झोपतात. पहिली चकमक दोन मिनिटांत संपली म्हणून हिरमुसू नका, भर घालू नका. त्या खेळाडूचा तोच प्रसंग.

सामान

बहुतेक गोष्टी त्याच दुकानात मिळतात, आणि तिथूनच घ्या, जागा दिल्याची ती रोख परतफेड.

फासे: एका संचात सात असतात, डी-फोर, डी-सिक्स, डी-एट, दोन डी-टेन, डी-ट्वेल्व्ह आणि डी-ट्वेंटी. प्रत्येकाला एक संच आणि एक जादा डी-ट्वेंटी. हे ऑनलाइनच मागवावे लागतात आणि गावात पार्सल उशिरा पोचतं, तीन आठवडे आधी मागवा. डी-ट्वेंटी कमी पडले तर एक डी-टेन आणि लुडोचा एक साधा फासा एकत्र टाका. साध्या फाशावर १ ते ३ आले तर डी-टेनचा आकडा तसाच, ४ ते ६ आले तर त्यात दहा मिळवा. शक्यता अगदी समान राहते. फासे रॅकखाली गडगडतात आणि मग ते शोधण्यात खेळ थांबतो. मिठाईच्या खोक्याच्या झाकणात जाड रुमाल पसरून तिथेच टाकायला लावा.

नकाशा: चौकोन एक इंचाचा, म्हणजे खेळातले पाच फूट. ए-थ्री कागदावर ११ बाय १६ चौकोन बसतात, दीपस्तंभाच्या पायथ्याला तेवढे पुरे. मोठा हवा असेल तर कार्डशीटवर पट्टीने आखा आणि वरून वह्यांना घालतात ते पारदर्शक प्लास्टिक कव्हर ताणून चिकटपट्टीने बसवा. व्हाइटबोर्ड मार्करने लिहा आणि त्याच दिवशी पुसा, रात्रभर राहिलं तर डाग धरतो. चुकून परमनंट मार्कर लागला तर त्यावरूनच व्हाइटबोर्ड मार्कर फिरवून लगेच पुसा, बराचसा निघतो.

सोंगट्या: कॅरमच्या सोंगट्या सगळ्यांच्या घरी असतात, पण त्यांचा व्यास तीन सेंटिमीटरच्या वर असतो, एका इंचाच्या चौकोनात बसत नाहीत आणि शेजारच्या घरावर चढतात. लुडोच्या सोंगट्या चार रंगांत सोळा मिळतात, त्या नीट बसतात. शत्रूंसाठी एक-दोन रुपयांची नाणी, वर कागदाचा नंबर चिकटवलेला. कुठला बँडिट जखमी हे नंबर असला तरच लक्षात राहतं.

प्रत्येकाला एक परीक्षेचं पॅड हवं. पंख्याखाली कागद उडत नाहीत आणि लिहायला जागा टेबलावर शोधावी लागत नाही. पेन्सिली आणि खोडरबर, पेन नको, कारण हिट पॉइंट सतत बदलतात. जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा तीन घड्यांत उभा केला की डीएमचा पडदा झाला. पाळ्यांचा क्रम दाखवायला प्रत्येकाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा करून त्या पडद्याच्या वरच्या कडेला लावा. इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवायचे फासे) झालं की चिमटे क्रमाने सरकवायचे, "आता कोणाची पाळी?" हा प्रश्न उरत नाही.

चार्जिंगचा एलईडी दिवा आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेला. सगळं सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको.

खाण्याचं ताट खेळाच्या टेबलावर येऊ देऊ नका. भजी, वडापाव चहाच्या वेळी, दुकानाबाहेर, आणि हात धुऊन परत. टेबलाजवळ फार तर खारे शेंगदाणे. कोकम सरबत आणि नकाशा यांची गाठ पडता कामा नये, तो डाग जात नाही. पाण्याच्या बाटल्या पायाशी.

माणसं

दुकानाच्या काचेवर ए-फोर पोस्टर लावा आणि तेच व्हॉट्सअॅपवर फिरवा. त्यावर तारीख, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, वय (बारा वर्षांच्या पुढे ठेवा), "पैसे लावले जात नाहीत", "काहीही येत नसलं तरी चालेल" आणि जागा चारच, एवढं हवं. संपायची वेळ लिहिली नाही तर पालक पाठवत नाहीत. चार नावं पक्की, दोन प्रतीक्षेत. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला मेसेज करा, उत्तर आलं नाही तर फोन. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांचा नंबर घ्या आणि परतीची एसटी किती वाजता ते विचारून टेबलाची वेळ त्याच्या अर्धा तास आधी संपवा. पावसाळ्यात कोणी रेल्वेने येणार असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते बघायला सांगा.

आदल्या दिवशी एकट्यानेच गोष्ट मोठ्याने वाचून बघा. जिथे अडखळाल तिथे वाक्य लांब आहे. वर्णन तीन वाक्यांच्या पुढे गेलं की टेबलावरची नजर फोनकडे जाते.

त्या दुपारी

पाऊण तास आधी पोचा. टेबल, नकाशा झाकून, पॅडवर पात्रांचे कागद, फाशांचे संच. नियम आधी समजावू नका. एवढंच सांगा: तुम्ही काय करताय ते बोला, मी सांगेन तेव्हा डी-ट्वेंटी टाका, त्यात कागदावरचा आकडा मिळवा. चाल आणि कृती चकमक सुरू झाल्यावर, अॅडव्हान्टेज पहिल्यांदा लागेल तेव्हा, शून्य हिट पॉइंटचं काय होतं ते कोणी पडल्यावर. त्या त्या क्षणी सांगितलेला नियमच डोक्यात राहतो.

टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवा. एक्स-कार्ड नावाची ही साधी पद्धत जॉन स्टाव्हरोपोलस यांनी तयार केली: गोष्टीतलं काही कोणाला नको वाटलं तर त्याने कार्डाला हात लावायचा, तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ओळखीच्या गावात अनोळखी माणसं एकत्र बसतात तेव्हा हे फार लागतं. तोंडाने "नको" म्हणायला लाजणारी मुलगी कार्डाला बोट लावते.

एकजण सारखा बोलतो, एकजण गप्प, हे प्रत्येक टेबलावर होतं. गप्प बसणाऱ्याला "तुला काय वाटतं?" विचारलं की तो आणखी आक्रसतो. त्याच्या पात्राला नेमकी निवड द्या: "जिना दोन ठिकाणी फुटलाय, डावीकडून जातेस की उजवीकडून?" बडबड्या खेळाडूला थांबवायचं तर त्याच्या पात्रालाच काम लावा, दाराशी पहारा द्यायला सांगा. कोणाला मालवणीत बोलायचं असेल तर बोलू द्या. तांडेलाच्या तोंडी ती छानच बसते, फक्त ती विनोदासाठी वापरू नका.

लाईट गेली तर एलईडी दिवा नकाशावर तिरका ठेवा आणि त्या क्षणी गोष्टीतही वारा सुटून मशाली विझल्या असं सांगून पुढे चला. दिव्याची वाट बघत थांबलात तर जुळलेली लय जाते.

पावणेचारला कुठेही असाल तरी शेवटाकडे वळा. म्होरक्याचे वीस हिट पॉइंट उरले असतील तर पुढच्या चांगल्या वाराला तो पडतो. दिवा कोणी पेटवला, गलबतावरून पहिला आवाज कोणाचा आला, हे प्रत्येक खेळाडूकडून एकेका वाक्यात वदवून घ्या. पात्राचा कागद त्यांनाच देऊन टाका.

निघण्याआधी फासे मोजा, संच पुरे आहेत का बघा, टेबलाखालून केर काढा, खुर्च्या जिथल्या तिथे. दुकानदाराला पुढच्या तारखेबद्दल खेळाडूंच्या समोरच विचारा, म्हणजे चौघांपैकी कोण येणार तेही तिथेच कळतं. आणि डब्यात कागद भरायच्या आत गोष्टीच्या कडेला प्रत्येक प्रसंगाला खरोखर किती मिनिटं लागली ते लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की आकडे विसरतात, आणि पुढच्या टेबलाची आखणी त्याच आकड्यांवर करायची असते.